कार्डावरचा कान

थोरलीचा डावा कान वाहायला लागला त्याला वर्ष होत आलं होतं. पहिले दोन-तीन महिने तिनं कुणाला सांगितलंही नाही. तीन गाई, एक कालवड, नवऱ्याचं सुतारकाम, दोन वेळचा स्वयंपाक, यात कानाकडे बघायला सवड कुणाला होती? सकाळी उठल्यावर उशीवर पिवळा डाग दिसायचा. ती खोळ उलटी करायची आणि कामाला लागायची.

या घरात ती थोरली सून म्हणून आली आणि तेच तिचं नाव पडलं. ती आली तेव्हा धाकटा दीर सहा वर्षांचा होता. वर्षाच्या आत सासू गेली आणि ते पोर तिच्या अंगावर पडलं. अंगानं किडकिडीत म्हणून त्याला सगळे बारकू म्हणत. थोरलीला स्वतःचं मूल झालं नाही. बारकूची गोवर, बारकूचं नापास होणं, बारकूचं लग्न, सगळं तिनंच निस्तरलं. आता तो तिशीतला बाप्या झाला होता, स्वतःचा टेम्पो चालवत होता, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत त्याचा संसार होता. तरी गावाच्या लेखी तो बारकूच. त्याची बायको ती धाकटी.

थंडी पडली तसा कान जास्तच बिघडला. पाण्याऐवजी घट्ट पू यायला लागला आणि त्याला वास मारायला लागला. थोरली कापसाचे बोळे करून ठेवायची, तासातासाला बदलायची. धार काढताना गाईच्या कुशीला डोकं टेकायची तिची जुनी सवय. डावी बाजू टेकली की कानात कळ जायची, म्हणून ती उजवी टेकायला लागली. पण मग चालता कान गाईच्या अंगात गाडला जायचा आणि बाहेरचं जग पार बंद व्हायचं. गाईच्या पोटातली गुरगुर तेवढी ऐकू यायची. मागून कुणी येऊन उभं राहिलं तरी पत्ता लागायचा नाही.

डेअरीवर मापाडी एकदा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "किटली तिथंच ठेवा, मी घेतो." दुसऱ्या दिवशी त्यानं दारापासून दोन पावलांवर खडूनं रेघ ओढली होती. मागच्या बाईची किटली मात्र तो रेघेच्या आतून हातात घेत होता. थोरलीनं किटली रेघेबाहेर ठेवली. दूध तिचं होतं, कानही तिचाच होता.

मग एका सकाळी गोठ्यात ती उठून उभी राहिली आणि जमीन एका बाजूला कलली. भिंत धरायला हात पुढे केला तर भिंतच लांब गेली. ती शेणात पडली, वर भरलेली बादली कलंडली. गाय बिचारी पाय न हलवता उभी राहिली. थोरली बराच वेळ तशीच पडून वरची पत्र्याची पन्हळ बघत राहिली. पन्हळ फिरायची थांबली तेव्हा गाईचा पाय धरून उठली.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बॅटरी मारून कानात पाहिलं आणि मान हलवली. "हे माझ्या हातातलं नाही. कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा. ऑपरेशन लागणार बहुतेक. विम्याचं सरकारी कार्ड आहे ना घरात? मग खर्चाची काळजी नको. फक्त कार्ड घेणारा डॉक्टर शोधा."

"कार्ड आहे. दिराकडे असतं," थोरली म्हणाली.

बारकूला सांगितलं तेव्हा तो टेम्पोखाली पडून ग्रीस लावत होता. सरपटत बाहेर आला, हात पुसले. पुसलेलेच हात पुन्हा पुसले. मग म्हणाला, "मी आहे ना, वहिनी. मी शोधतो डॉक्टर. तू काही धावपळ करू नकोस."

आणि शोध सुरू झाला.

पहिला डॉक्टर शहराच्या वेशीवरच होता. बारकूनं टेम्पो झाडाखाली लावला. "तू बस, मी विचारून येतो. उगाच आत जाऊन ताटकळायला नको." पाच मिनिटांनी परतला. "कार्ड घेतात, पण नुसतं नाकासाठी. कानाला चालत नाही म्हणे." थोरलीला हसू आलं. "एकाच तोंडावर दोन्ही आहेत की रे," ती म्हणाली. तोही हसला.

आठवड्यानं दुसरा. त्यानं म्हणे मागच्या वर्षीच सरकारशी करार मोडला होता, पाटी तेवढी काढायची राहिली होती. तिसऱ्याकडे महिन्याचा कोटा संपलेला. दर वेळी बारकूच आत जायचा, थोरली टेम्पोत बसून राहायची. काचेवर धूळ, डॅशबोर्डवर जुनी वर्तमानपत्रं, पायाशी दोरखंडाची वेटोळी. कानातला बोळा ओला झाला की ती खिडकीकडे तोंड करून बदलायची, टेम्पोत वास नको म्हणून. चौथ्या वेळी तो गल्लीबोळांतून बराच फिरला आणि एका जिन्यापाशी थांबला. वर पाटीवर हा एवढा मोठा दात काढलेला होता.

"अरे, हा दातांचा डॉक्टर दिसतोय."

बारकूनं मान वर करून पाटीकडे पाहिलं. "अं? हो की. पत्ता चुकला वाटतं."

"आणि ते सरकारी मोठं हॉस्पिटल? स्टेशनामागचं?"

"तिथला कानाचा विभाग बंद पडलाय, वहिनी. कधीचाच. डॉक्टरच नाही."

परतीच्या वाटेवर थोरलीलाच वाईट वाटलं. पोरगं भाडी सोडून आपल्यासाठी फिरतंय, डिझेल जाळतंय. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "राहू द्या आता. त्याच्या धंद्याची खोटी होते. माझा कान काय, चाललाय तसा चालेल." सुतार चौकटीला पॉलिश पेपर मारत होता. मान वर न करता "हं" म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात कालवडीला ताप आला म्हणून ढोरांचा डॉक्टर आला. म्हातारा, बडबड्या माणूस. कालवडीला सुई टोचून झाल्यावर हात धुताना त्यानं थोरलीकडे पाहिलं आणि नाक आक्रसलं. "कालवड दोन दिवसांत उड्या मारेल. तुमच्या कानाचं काय?"

थोरलीनं चारही डॉक्टरांची कथा सांगितली. दाताच्या पाटीपाशी तो खो खो हसला, पण लगेच गंभीर झाला. "स्टेशनामागचं हॉस्पिटल बंद? कुणी सांगितलं? माझ्या आईचा कान मागच्याच महिन्यात तिथं केला, त्याच कार्डावर. बाई आहे डॉक्टर, हात सोन्याचा आहे तिचा. उद्या जा. कार्ड हातात नसलं तरी चालतं, नंबर आणि अंगठा पुरतो."

बारकू दोन दिवसांच्या भाड्यावर गेला होता. थोरलीनं विचार केला, आपणच जाऊन यावं. तो आला की सांगू, तू चार हिंडलास पण सापडला तो ढोरांच्या डॉक्टरला. कार्डाचा नंबर जुन्या वहीत तिनं स्वतःच उतरवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी धारा लवकर उरकून, डोक्याला रुमाल बांधून तिनं बस पकडली.

हॉस्पिटलच्या दारातून आत शिरली आणि तिची पावलं मंद झाली. लांब बोळ, हिरव्या रंगाचा भिंतीचा पट्टा, कोपऱ्यात मोडक्या काट्याचं वजनाचं यंत्र. निळ्या गजांची खिडकी. ही खिडकी तिनं पाहिली होती. याच खिडकीत हात घालून तिनं अंगठा दिला होता. दोन वर्षांपूर्वी, बारकूबरोबर, मागच्या दारानं येऊन. तो म्हणाला होता, "कार्डाचं नूतनीकरण आहे, वहिनी, ज्याच्या नावाचं कार्ड त्याचाच अंगठा लागतो." दहाएक दिवसांनी पुन्हा आणलं होतं, पहिला ठसा नीट उमटला नाही म्हणून. त्या दिवशी येताना त्यानं तिला नव्या चपला घेऊन दिल्या होत्या. तेव्हा तिला ते कसलंसं कार्यालय वाटलं होतं.

असेल, दोन्ही एकाच ठिकाणी असेल, असं मनाशी म्हणत ती रांगेत उभी राहिली.

खिडकीतल्या कारकुनानं नंबर घातला, अंगठा घेतला, पडद्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "कुठला कान?"

"डावा."

"डाव्याचं ऑपरेशन झालंय की तुमचं. इथंच. दोन वर्षं झाली. कार्डावर त्याच कानाचं पुन्हा होत नाही."

थोरलीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं उजवा कान गजांपाशी नेला. "काय म्हणालात?"

कारकून मोठ्यानं बोलायला लागला. मागची सगळी रांग ऐकत होती. "डावा कान. हाडाची शस्त्रक्रिया. दहा दिवस भरती. प्रकृती सुधारून घरी. बाई, इथं लिहिलंय, तुम्ही बऱ्या होऊन घरी गेलात."

"मी कधी इथं झोपलेच नाही, साहेब."

"अंगठा तुमचाच आहे. भरती होतानाचा आणि जातानाचा, दोन्ही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा हो बाई, आम्हालाही दुखणी आहेत." थोरली बाजूला झाली. वजनाच्या यंत्राला धरून उभी राहिली. ही ती नेहमीची चक्कर नव्हती. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या कानाला पट्टी होती, हे तिला आठवायची गरजच नव्हती. धाकटी डोक्याला एवढा फेटा बांधल्यासारखी पट्टी बांधून टेम्पोतून उतरली होती. माहेरच्यांनी शहरात नेऊन ऑपरेशन केलं, भावानं खर्च केला, असं सांगितलं होतं. तिला वाकता येत नव्हतं म्हणून पंधरा दिवस थोरलीनं तिचं सगळं केलं होतं. तिचे केस कानाला थेंब न लागू देता धुतले होते. टाके निघाल्यावर कानामागच्या व्रणाला रोज मलम लावलं होतं.

तरी ती डॉक्टरीणबाईंना भेटायला थांबली. अडीच तास बसली. डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. त्यांनी कपाळावरचा दिवा लावून, बारीक नळीनं कान साफ केला. कळ डोक्यात गेली, थोरलीनं खुर्चीचा हात आवळून धरला. मग बाईंनी कानामागं बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"इथं तर सुरी लागलेलीच नाही कधी."

"नाही."

"मग कार्डावर कुणाचं झालं?"

थोरली डोक्याचा रुमाल पुन्हा बांधायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "हे बघा, कानामागच्या हाडाला कीड लागली आहे. हाड खात खात ती आत चाललीय. चक्कर त्यामुळेच येते. त्याच्या पलीकडे मेंदू आहे. औषधावर मी दोन-तीन महिने ढकलेन, पुढचं सांगता येणार नाही. तुम्ही तक्रार द्या, की हे ऑपरेशन माझं नव्हतं. व्रण नाही असं मी लिहून देते. चौकशी झाली की कार्ड मोकळं होईल. पण मग कुणी केलं ते तुम्हाला सांगावं लागेल."

"विचार करून येते," थोरली म्हणाली.

घरी पोचली तेव्हा धारेची वेळ टळत आली होती, गाई हंबरत होत्या. सुतार अंगणात दाराच्या फळीवर रंधा मारत होता. पांढऱ्या ढलप्यांची वळणं त्याच्या पायाशी पडली होती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"स्टेशनामागच्या हॉस्पिटलात जाऊन आले. माझ्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालंय म्हणे. दोन वर्षांपूर्वी."

रंधा थांबला. कसलं ऑपरेशन, काय बोलतेस, कुणी सांगितलं, यातलं काहीच त्यानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "एकटी गेलीस?"

थोरलीला कळायचं ते कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

सुतारानं रंध्याचं पातं अंगठ्यानं पुसलं. "धाकटीचं नाव तेव्हा कुठल्याच कार्डावर नव्हतं. बारकूनं आळस केला होता. तिला उभं राहवत नव्हतं, तू पाहिलंयस. तुझं कार्ड नुसतं पडून होतं. तुझा कान तेव्हा धडधाकट होता. कुणाला वाटलं होतं का, पुढं असं होईल?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू भोळी. कुठं बोलून गेली असतीस तर सगळेच अडकले असते."

"आणि आता? हे चार डॉक्टर?"

त्यानं रंधा पुन्हा फळीवर ठेवला. गाय पुन्हा हंबरली. थोरली बादली उचलून गोठ्यात गेली. हातांना काम ठाऊक होतं म्हणून धार निघाली.

धाकटी मागून केव्हा आली ते तिला कळलं नाही. मान वळवली तेव्हा ती दावणीपाशी उभी होती, रडून डोळे सुजलेले. सुतारानं तिला सांगितलं असणार.

"ताई, मी नाही म्हणत होते," ती म्हणाली. "पण तेव्हा दुखणंच असं होतं की मला काही सुचत नव्हतं. तिथं नर्स रोज तुमच्या नावानं हाक मारायची. दहा दिवस मी तुमच्या नावाला ओ दिली. पहिल्या दिवशी जड गेलं. मग सवय झाली."

थोरलीनं बादली बाजूला सरकवली. "मी तुझे केस धूत होते तेव्हा तरी सांगायचंस."

"तेव्हाच तर सांगवेना."

"वर्षभर माझा कान वाहतोय, बाई. माझा वास येतो म्हणून तू परवा माझ्याशेजारून उठून लांब बसलीस. मी पाहिलं."

धाकटीनं तोंडावर हात घेतला. थोरलीला तिची कीव आली आणि कीव आली याचाच राग आला. ती पुन्हा गाईच्या कुशीला टेकली, चांगला कान दाबून, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

बारकू दुसऱ्या दिवशी दुपारी आला. टेम्पो दारात लावून सरळ तिच्याकडे आला, उंबऱ्यावर बसला. लहानपणी काही फोडलं-मोडलं की असाच बसायचा, मान खाली घालून.

"वहिनी, मी तुला खाजगीत दाखवणारच होतो."

"कधी?"

बारकू उंबऱ्याचं लाकूड नखानं खरवडत राहिला.

"त्या डॉक्टरांना तू खरंच विचारलंस का रे? एकाला तरी?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "विचारून उपयोगच नव्हता. कुठंही नंबर घातला असता तरी तेच निघालं असतं. मला वाटलं, तू कंटाळशील."

"कंटाळले असते तर?"

बारकूनं वर पाहिलं नाही.

"कार्ड मागितलं असतंस तर मी दिलं असतं," थोरली म्हणाली. "माझ्या हातानं दिलं असतं. तिच्या जागी मी असते तर तूही दिलं असतंस असं मी धरून चालले असते. त्याचं मला काही नाही. पण मी टेम्पोत बसून बोळे बदलायचे, खिडकीकडे तोंड करून, तुला वास नको म्हणून. आणि तू जिन्यापाशी उभा राहून पाच मिनिटं घालवून यायचास. काय करायचास रे त्या पाच मिनिटांत?"

"वहिनी, तक्रार देऊ नकोस. केस होईल. टेम्पो जाईल. मी रस्त्यावर येईन."

तिला वाटलं होतं, तो कानाबद्दल काहीतरी विचारेल. डॉक्टर काय म्हणाली, दुखतं का, किती दिवस आहेत. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. तो टेम्पोचंच बोलत राहिला.

चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. सुतार एकदा जेवताना म्हणाला, "घरातलं घरात मिटवू." थोरलीनं विचारलं, "कसं?" तो पुढचा घास चावत बसला. पाचव्या दिवशी तिला पुन्हा चक्कर आली, या वेळी विहिरीच्या कठड्यापाशी. कठडा छातीला लागला म्हणून वाचली. काळ्या पाण्यात आपलं तोंड हलताना दिसलं. ती तिथून मागं सरली, कपडे बदलले आणि बस पकडली.

निळ्या गजांच्या खिडकीशेजारच्या खोलीत विम्याचा अधिकारी बसायचा. त्यानं तक्रार लिहून घेतली. "अंगठा द्यायला कुणी आणलं होतं?"

"दिरानं."

"नीट विचार करून सांगा. एकदा कागदावर आलं की मागं घेता येत नाही."

"लिहा," थोरली म्हणाली.

चौकशीला तो अधिकारी तीन आठवड्यांनी स्वतः गावात आला, बरोबर एक लिहिणारी बाई. सुताराच्याच अंगणात खुर्च्या मांडल्या. शेजारपाजारचे कुंपणाला येऊन उभे राहिले. मापाडीही होता. थोरली भिंतीला टेकून, उजवी बाजू सगळ्यांकडे करून बसली होती. तिला एक शब्दही सोडायचा नव्हता.

बारकूला विचारलं तेव्हा त्यानं गळा साफ केला. "वहिनीला सगळं माहीत होतं, साहेब. तिनंच कार्ड दिलं. घरातल्या घरात केलं, माणुसकी म्हणून. आता तिचा कान बिघडला म्हणून उलटली. माहीत नसतं तर अंगठा कसा दिला असता? तोही दोनदा?"

कुंपणापाशी कुजबूज झाली. धाकटी दाराआड होती, ती आणखी आत सरली. थोरली बारकूकडे बघत होती. गोवरात सात दिवस तिनं त्याला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. त्या तोंडाचा एकेक खड्डा तिला पाठ होता, आणि हे बोलताना त्या तोंडावर काही म्हणजे काही हललं नव्हतं.

अधिकारी तिच्याकडे वळला. "खरं आहे?"

"मला नूतनीकरण सांगितलं होतं."

"तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. तिसरं कुणी आहे का?" त्यानं सुताराकडे पाहिलं. "तुम्ही नवरे ना? तुम्हाला काय माहीत आहे?"

सुतार हातोडा हातात घेऊन उभा होता. कुणीतरी बोलावलं म्हणून कामावरून उठून आला होता, ठेवायचा राहिला होता. तो आधी भावाकडे बघत राहिला. बारकूनं डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. लिहिणाऱ्या बाईनं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"तिला माहीत नव्हतं," सुतार म्हणाला. "मला होतं. ह्यानं मला आधी विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो."

"म्हणजे तुमचंही नाव येणार यात."

"येऊ द्या."

त्यानं सही केली, हातोडा उचलला आणि पुन्हा दाराच्या फळीपाशी गेला. पण ठोका पडला नाही. बारकू उठून टेम्पोत जाऊन बसला आणि निघून गेला. थोरलीनं जबाब वाचून घेतला, ओळीवर बोट ठेवून, आणि खाली सही केली. या वेळी अंगठा नको म्हणाली.

पुढं व्हायचं ते झालं. दंड दोघा भावांना बसला. टेम्पो विकावा लागला. बारकू धाकटीला घेऊन सासुरवाडीला राहायला गेला, जाताना अंगणातून गेला पण थोरलीच्या दाराकडे वळला नाही. धाकटी वळली. दारात क्षणभर थांबली आणि पुढं गेली. गावात निम्मे म्हणाले, बाईनं पोटच्यासारखं पोर देशोधडीला लावलं. निम्मे म्हणाले, बरं केलं. डेअरीवर मापाड्यानं रेघ मात्र पुसली नाही.

सुतार दोन-तीनदा बोलायला आला. एकदा म्हणाला, "खरं सांगितलं ना मी शेवटी." थोरली कडबा तोडत होती. म्हणाली, "सांगितलंत." त्यात ना राग होता ना काही. तो उभा राहिला, मग गेला.

कार्ड मोकळं झाल्याचं पत्र आलं तेव्हा औषधाची तिसरी बाटली संपत आली होती. भरतीच्या दिवशी सुतार सकाळीच आंघोळ करून तयार होता. थोरली म्हणाली, "तुम्ही कशाला? जनावरं कोण बघेल?" तो म्हणाला, शेजारणीला सांगितलंय. ती म्हणाली, "नको. मी जाते एकटी." पिशवी घेऊन ती निघाली. बसमध्ये पुढच्या बाकावर बसली. बस सुटताना मागच्या दारानं कुणीतरी चढलं. तिनं वळून पाहिलं नाही, पण भुशाचा वास तिला ओळखीचा होता. तासाभराच्या प्रवासात तो पुढं आला नाही, तीही मागं गेली नाही. हॉस्पिटलपर्यंत तो वीस पावलं मागून चालत आला आणि बाहेरच्या बाकावर बसला.

वॉर्डातल्या नर्सनं कागद पुढे केले. नाव, वय, कान डावा. डॉक्टरीणबाईंनी कानावर निळ्या शाईची फुली मारली होती. "दुसऱ्या कुणाचा व्हायला नको," त्या म्हणाल्या, आणि थोरलीला कित्येक दिवसांनी थोडं हसू आलं.

"सोबत कोण आहे?" नर्सनं विचारलं.

"कुणी नाही."

"असं कसं, बाई? भूल द्यायची आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर जबाबदार नातेवाइकाची सही लागते. त्याशिवाय आत नेता येत नाही."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली होती. अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा होता, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता. सुतार गुडघ्यांवर हात ठेवून, दाराकडे बघत बसला होता. आत यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं, हे तिला इथूनही कळत होतं. नर्स पेन घेऊन ताटकळली.

"तो बाहेर बसलाय तो माझा नवरा आहे," थोरली म्हणाली. "त्याला बोलवा. सहीपुरतं."